अकरा नंबरचा बावटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रेडिओवर हवामानाची माहिती सांगताना मुंबई, अलिबाग, रत्नागिरी या नावांबरोबर डहाणूचे नाव आले की आमच्या घरात आजही कोणीतरी आवाज मोठा करते. आपल्या गावाचे तापमान आपल्याला ठाऊक असतेच, तरीही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरे वाटते. डहाणूला हवामान खात्याचे निरीक्षण केंद्र आहे. तिथला पारा, तिथला वारा आणि तिथला पाऊस ठरलेल्या वेळी मोजून पुढे कळवला जातो.

पण माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या मच्छीमारांना रेडिओपेक्षा ओळखीचा होता तो बावटा. बंदर कार्यालयाजवळ एक खांब असे. वादळाचा संभव असला की त्यावर काळ्या शंकूंच्या आणि नळकांड्यांच्या खुणा चढत, रात्री लाल-पांढरे दिवे लागत. “तीन नंबर लागला” असे कोणी ओरडत आले की तांडेल मंडळी समुद्राकडे पाहत, मग आकाशाकडे, आणि मग एकमेकांकडे. जायचे की नाही, हा निर्णय त्या तिसऱ्या पाहण्यात होत असे.

माझे मामा नौदलात होते, हवामानाच्या शाखेत. सुट्टीवर आले की मी त्यांच्यामागे प्रश्नांची भुणभुण लावायचो. बावट्यांचे नंबर त्यांनीच मला शिकवले. मोठ्या बंदरांवर एकपासून अकरापर्यंत खुणा असतात. लहान बंदरांवर तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढ्याच पाच. तीन म्हणजे बंदरावर जोराचे वारे येण्याचा संभव. चार म्हणजे वादळाचा धोका आहे, पण अजून सगळे सोडून पळण्याची वेळ नाही. सात म्हणजे धोका. दहा म्हणजे मोठा धोका.

“आणि अकरा म्हणजे त्याहून मोठा?” मी विचारले.

“नाही रे,” मामा म्हणाले. “अकरा म्हणजे वेधशाळेशी संपर्क तुटलाय. वरून काही कळत नाही. पण इथल्या माणसाला वाटतंय की हवा बिघडणार. मग त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर लावायचा.”

मला तेव्हा ही फसवणूक वाटली होती. सर्वांत मोठ्या नंबराला काहीतरी भयंकर असायला हवे होते. पुढे इतिहास शिकवण्याच्या निमित्ताने मी हवामानाच्या अंदाजाची जुनी कागदपत्रे वाचली, आणि हा अकरा नंबर मनातून जाईना. कारण या शास्त्राचा इतिहास वाचत गेलो तसतसे एक दिसू लागले. निरीक्षणे करणारी माणसे पुष्कळ होती आणि हुशारही होती. अवघड होता तो शेवटचा टप्पा. जे कळले आहे ते ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यासमोर जाऊन सांगायचे, आणि त्याने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचे. हा टप्पा प्रथम कोणी पक्का बांधला असेल तर तो लष्करांनी, आणि तोही स्वतःपुरता.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली, ती जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. वेळ चुकली की रेखांश चुकतो, आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर जाते. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजमापे सुरू झाली. त्यामागे मोठी आंतरराष्ट्रीय खटपट होती. इंग्रजांच्या बाजूने तिचा सूत्रधार होता एडवर्ड सबाइन, तोफखान्यातला अधिकारी. टोरांटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट अशा ठिकाणी चुंबकीय वेधशाळा निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सैनिकी अधिकारीच नोंदी घेत होते. आरमाराच्या होकायंत्रावर भरवसा ठेवता यावा ही त्यामागची गरज होती.

कुलाब्याला मात्र आपली माणसे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. गणिती केरूनाना छत्रे यांनी उमेदीची काही वर्षे तिथे नोकरी केली. आपण बाळशास्त्रींना पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक म्हणून ओळखतो. पण समुद्राच्या टोकावरच्या त्या इमारतीत चुंबकाच्या सुया बघत बसलेले बाळशास्त्री माझ्या डोळ्यांसमोर जास्त स्पष्ट उभे राहतात. या नोंदींच्या चिकाटीचे फळ पुढे मिळाले. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची जी नोंद कुलाब्याला झाली, ती शास्त्रज्ञ आजही काढून तपासतात, कारण तसे वादळ पुन्हा आले तर उपग्रहांचे आणि विजेच्या जाळ्यांचे काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. तेव्हा कुलाब्याचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय.

बावट्याचा जन्म मात्र युद्धातला. क्रिमियाच्या युद्धात १४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रात वादळ झाले आणि इंग्रज-फ्रेंच आरमाराची कित्येक जहाजे फुटली. शत्रूच्या तोफांनी केले नसते एवढे नुकसान वाऱ्याने एका दिवसात केले. फ्रान्समध्ये ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने युरोपभरच्या नोंदी मागवल्या आणि दाखवून दिले की तारायंत्राने आधी कळवले असते तर हे वादळ सांगता आले असते. इंग्लंडात रॉबर्ट फिट्झरॉय या आरमारी अधिकाऱ्याने १८६१ मध्ये किनाऱ्यावर शंकू आणि पिंपे टांगून इशारे द्यायला सुरुवात केली. डार्विनला ‘बीगल’ जहाजातून जगभर नेणारा कप्तान तो हाच. त्याचे अंदाज चुकत तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल होई. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढल्या वर्षाअखेरीस पंडितांच्या समितीच्या सल्ल्याने हे इशारे अशास्त्रीय म्हणून बंद करण्यात आले. तेव्हा किनाऱ्यावरून ओरड झाली आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. चुकणारा का होईना, पण बावटा हवा, असे समुद्रावर जाणाऱ्यांचे म्हणणे होते. आमच्या तांडेलांनी याहून वेगळे सांगितले नसते.

आपल्याकडे १८६४ च्या ऑक्टोबरात चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केले, त्यानंतर पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी इशारे सुरू झाले. मुंबईला १८८० पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

आता एका अशा शोधाकडे वळतो, ज्याची हकीकत मला फार आवडते आणि जी आमच्या डहाणू-तलासरीपर्यंत येऊन पोहोचते. १८९७ च्या आसाममधल्या महाभूकंपानंतर, १८९८ मध्ये कुलाब्याला भूकंपमापक यंत्र बसले. ते भूकंप तर टिपायचेच, पण एरवीही त्याची रेघ कधी सरळ नसे. बारीक थरथर चालूच असायची. १९२० च्या दशकात तिथले संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी या थरथरीकडे लक्ष दिले. त्यांच्या ध्यानात आले की समुद्रात वादळ असले किंवा मोसमी वाऱ्याचा जोर वाढला की ही थरथर वाढते. म्हणजे लाटांचा दणका जमिनीतून कुलाब्यापर्यंत पोहोचतो. नजरेच्या पलीकडले वादळ यंत्राला जमिनीतून ऐकू येते! त्यांचा हा अभ्यास १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाला हाच विचार उपयोगी वाटला. कॅरिबियन समुद्रातल्या चक्रीवादळांचा माग काढण्यासाठी त्यांनी १९४४ च्या सुमारास क्यूबातल्या ग्वांतानामो तळावर आणि नंतर इतरत्र भूकंपमापक यंत्रे बसवली. उद्देश साधा होता. समुद्रातल्या जहाजांकडून हवेच्या नोंदी येत नसतील, तर जमिनीला विचारायचे. पुढे विमाने, रडार आणि उपग्रह आले आणि ही पद्धत मागे पडली. तिचा भरवसाही बेताचाच होता. पण हवेचा आणि जमिनीचा अभ्यास करणारी माणसे एका छपराखाली बसलेली असली की काय सुचू शकते, हे त्यातून दिसते. आपल्याकडे २०१४ पर्यंत भूकंपाचे कामही हवामान खात्याकडेच होते. त्या वर्षी ते वेगळे होऊन राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे गेले. बॅनर्जी स्वतः १९४४ मध्ये हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. त्याच वर्षी, युद्धाच्या धामधुमीत, मुख्यालय पुण्याहून दिल्लीला गेले.

युद्धात हवामान ही गुप्त गोष्ट होते. त्याची एक बाजू आपण सिनेमातून पाहिलेली असते. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीवर उतरायचे होते, आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्लॅकसॉड नावाच्या खेड्यात पोस्टात काम करणारी मॉरीन फ्लॅविन ही तरुणी तासातासाला वायुभारमापक वाचून कळवत होती. ३ जूनला तिचा एकविसावा वाढदिवस होता. त्या दिवशीचा पारा भराभर उतरत होता. नोंद पुन्हा तपासून सांगा, असा निरोप तिला इंग्लंडहून आला. तिने तपासून तेच आकडे सांगितले. जेम्स स्टॅग या हवामानतज्ज्ञाने ते आयझेनहॉवरसमोर मांडले आणि ५ जूनची चढाई ६ जूनवर गेली. आपल्या आकड्यांवर काय ठरले हे त्या मुलीला कित्येक वर्षे माहीत नव्हते.

दुसरी बाजू बंगालची आहे, आणि तिच्यावर सिनेमा निघत नाही. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर, कांथी आणि तमलुक भागात, चक्रीवादळ आदळले. समुद्र आत घुसला आणि हजारो माणसे मेली. जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या होत्या. शत्रूला उपयोग होईल म्हणून सरकारने या वादळाची बातमीच दोन आठवड्यांहून अधिक काळ दाबून ठेवली. त्या भागात चलेजाव चळवळ जोरात होती, हेही विसरता येत नाही. माणसे मेली होती, गुरे मेली होती, भाताचे पीक खारे झाले होते, आणि बाकीच्या देशाला पत्ता नव्हता.

स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाने आणि नौदलाने आपापल्या हवामानशाखा उभ्या केल्या. नौदलाची यासाठी कोचीला शाळा आहे. तिथे हवामानाबरोबर समुद्राचेही शास्त्र शिकवतात. पाणबुडीला वरच्या पावसाशी देणेघेणे नसते, तिला पाण्याच्या थरांचे तापमान हवे असते, कारण आवाज त्यावर वळतो. मामांच्या बोलण्यात हे सगळे तुकड्यातुकड्यांनी यायचे. ‘विक्रांत’ची गोष्ट ते रंगवून सांगत. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे जहाजाला पुरा वेग घेता येत नव्हता. धावपट्टीवरून विमान उडायचे तर समोरून पुरेसा वारा लागतो. जहाज वेगाने पळू शकत नसेल तर तो वारा निसर्गाने द्यायला हवा. मग वारा कुठे आहे, किती आहे आणि किती वाजता पडेल, हे सांगणाऱ्याचे मोल एकदम वाढते. तिकडे अरबी समुद्रात ८ डिसेंबरच्या रात्री खवळलेल्या पाण्यातून ‘विनाश’ ही एकच क्षेपणास्त्र नौका दोन युद्धनौकांसोबत कराचीवर गेली. अशा ठेंगण्या नौकेला लाट किती उंच आहे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

“आम्ही नुसता कागद पाठवत नाही,” मामा म्हणायचे. “साहेबासमोर उभं राहावं लागतं. तो विचारतो, उडू का नको? तेव्हा ‘शक्यता आहे’ म्हणून चालत नाही. पाऊस पडला तर शिव्या मला, नाही पडला तरी शिव्या मलाच. पण तो विचारतो, आणि मी समोर असतो.”

‘तो विचारतो आणि मी समोर असतो’ हे शब्द मला २०२१ च्या मे महिन्यात आठवले. तौक्ते चक्रीवादळ येणार हे हवामान खाते काही दिवस आधीपासून सांगत होते. आमच्याकडच्या होड्या किनाऱ्याला लागल्या. उपग्रहाची चित्रे मोबाईलवर दिसत होती. आणि १७ मे रोजी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात, बंदरात न परतता तिथेच नांगरून राहिलेला ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या युद्धनौकांनी आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्या समुद्रातून माणसे वेचून काढली, १८६ वाचली. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा दुसरा तराफा वाहत कुलाब्याच्या उत्तरेस ४८ सागरी मैलांवर, आमच्या पालघरच्या किनाऱ्याकडे येऊन रुतला. त्यावरच्या १३७ जणांना सुखरूप उतरवता आले. इशाऱ्यात कसूर नव्हती. फिट्झरॉयला स्वप्नातही मिळाला नसता इतका तो नेमका होता. तराफ्यावरच्या खलाशाला किंवा वेल्डरला मात्र “राहू का जाऊ?” असे विचारायला समोर कोणी नव्हते, आणि विचारले असते तरी निर्णय त्याचा नव्हता.

समुद्राचे निदान इशारे तरी आहेत. आमच्या भागाच्या दुसऱ्या टोकाला, तलासरीच्या आणि डहाणूच्या डोंगरपट्ट्यात, २०१८ च्या नोव्हेंबरपासून जमीन हलू लागली. धुंदलवाडी हे नाव तोवर महाराष्ट्राला माहीत नव्हते. धक्के लहान, पण थांबेनात. एका दिवसात अनेक. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. थंडीत माणसे उघड्यावर झोपू लागली. तंबू आले, अधिकारी आले, हैदराबादचे शास्त्रज्ञ आले आणि यंत्रे बसली. किल्लारीसारखा एक मोठा हादरा आणि हे लहान धक्क्यांचे मोहोळ यांत फरक आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरून हे होत असावे, असेही काही अभ्यासकांनी मांडले. पुढचा धक्का कधी आणि केवढा, हे जगात कोणालाच सांगता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

त्या दिवसांत मी एका पाड्यावर गेलो होतो. कुडाच्या भिंती असलेली घरे बरीच टिकली होती. विटांच्या नव्या भिंतींना तडे गेले होते. एका म्हाताऱ्या वारली बाबांनी मला शहरातून आलेला कोणी मोठा माणूस समजून विचारले, “आज राती घरात निजू का?”

विक्रांतवरच्या साहेबाने मामांना विचारावा तसाच हा प्रश्न होता, हो किंवा नाही एवढेच उत्तर मागणारा. मी इतिहासाचा मास्तर. मी म्हणालो, “बाबा, मला नाही सांगता येत.” ते हसले. त्यांच्यासारख्या माणसाला हे उत्तर नवे नव्हते. माझ्याआधी तिथे येऊन गेलेल्यांनीही बहुधा तेच दिले होते, फक्त लांबलचक शब्दांत.

त्या पाड्यावर रोज संध्याकाळी हा निर्णय घेणारे एकच जण होते, तिथले शाळामास्तर. ते स्वतः डोंगराखालच्या गावचे, वारलीच. दिवसभरात किती हादरे जाणवले ते फळ्याच्या कोपऱ्यात खडूने रेघा मारून ठेवत. रेघा जास्त झाल्या की सांगत, आज सगळ्यांनी बाहेर, पोरांना मधोमध घ्या, शेकोटी तंबूपासून लांब. शास्त्राच्या दृष्टीने त्या रेघांना फारसा अर्थ नव्हता, आणि हे त्यांनाही ठाऊक होते. “कोणीतरी सांगायला पाहिजे ना सर,” ते म्हणाले. “नाहीतर रात्रभर माणसं दारात उभी राहतात. आत ना बाहेर.”

मी त्यांना मामांचा अकरा नंबरचा बावटा सांगितला. वेधशाळेशी संपर्क तुटला की बंदरावरच्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर लावायचा तो. त्यांनी मन लावून ऐकले. मग जरा विचार करून विचारले, “लावायचा कधी ते समजलं. पण उतरवायचा कधी?”

मामांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती, आणि हे काही मी त्यांना कधी विचारले नव्हते.